चेंजओव्हरमधला भुंगा

ज्योतीराम मिस्त्रीच्या पॅनलला आवाज येतो, असं निघोज्यात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं. औशाहून आलेला हा माणूस. उभी हयात चाकणच्या कंपनीत वायरिंग करण्यात गेली, आणि त्या वायरिंगच्या गप्पा ऐकण्यात दुर्गाबाईंची गेली.

तो रिटायर झाला तेव्हा दुर्गाबाईंनी पिंपळे गुरवच्या अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले आणि आठवड्याभरात पस्तावल्या. हा बाबा घरात बसला! बरं, नुसता बसला असता तर एक वेळ चाललं असतं. चांगला चालता मिक्सर उघडला, बेल उघडली, शेजारच्या विमलबाईंचा गिझर तर त्यांना न विचारताच उघडला. पण सकाळी कंपनीची बस खालून गेली, की गॅलरीत उभा राहून ती वळेपर्यंत बघत राहायचा. ते काही दुर्गाबाईंना बघवायचं नाही. मिक्सरचं काय, दुसरा आणता येतो.

मग त्यांनीच शोधाशोध करून त्याला निघोज्यात गेनूआबांच्या दारी नेऊन सोडलं. गेनूआबांनी कांद्याच्या जुन्या वखारीत घरगाड्या बांधायचा धंदा काढला होता. जुनी मिनीबस घ्यायची, आत पलंग, ओटा, संडास बसवायचा, की झालं फिरतं घर. ज्योतीराम वायरिंग करायला लागला, दुर्गाबाई पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायला लागल्या. माणूस पुन्हा माणसात आला.

गाडी तयार झाली की तिची पूजा व्हायची, आणि ती करायचा ज्योतीराम. त्याचा खरा देव म्हणजे पलंगाखालची चेंजओव्हरची पेटी. गाडीला बाहेरची लाइन जोडली की ही पेटी गाडी लाइनवर घेते, लाइन काढली की बॅटरीवर टाकते. पूजेला तो पेटीची सगळी झाकणं उघडी ठेवायचा. "देवळाचं दार लावून कुणी आरती करतंय का?" म्हणायचा. हळद, कुंकू, नारळ, आणि दुर्गाबाईंच्या माहेरच्या पितळी वाटीतून मूठमूठभर अक्षता. शेवटी छाती काढून सगळ्यांना ऐकवायचा, "माझं पॅनल ज्या दिवशी कुरकुर करंल, त्या दिवशी ही पकड आबांच्या विहिरीत!"

असं बोलू नये माणसानं. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो.

सुमनताई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या पूजा झालेली आपली गाडी घ्यायला आल्या. पडद्यांना हात लावून पाहिला, ओटा आवडला, मग पलंगावर आडव्या झाल्या आणि लगेच उठून बसल्या.

"ज्योतीराम, उशीखाली भुंगा पाळलाय का हो?"

सगळ्यांनी कान टवकारले. पलंगाखालून खरंच घूंऽऽ ऐकू येत होतं.

"व्हय की वो मिस्त्री," गेनूआबा मिशीत हसले. "गुणगुणतंय. आन् हीर काय लांब न्हाई."

"व्होल्टेज!" ज्योतीराम उसळला. "तुमच्या गावची लाइनच मरतुकडी, आबा. पेटी तरी काय करंल?" आबांच्या घरापासून आणलेली बारीक वायर काढून त्यानं जाडजूड वायर ओढली. मीटर लावला. व्होल्टेज भरपूर. भुंगा चालूच.

"मग ही फळी घुमायलीय!" त्यानं पेटीखाली रबर घातलं. आवाज जरा दबला.

"आता रजई पांघरून गातोय," सुमनताई म्हणाल्या. "हे बघा, पोरांच्या गोंगाटात माझा जन्म गेला. आता मला शांत झोप हवी. जमत नसेल तर राहू द्या ही गाडी."

ज्योतीरामचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं खिशातली पकड काढली आणि तिच्याकडे बघत राहिला. ती नजर दुर्गाबाईंच्या ओळखीची होती. गॅलरीतली. त्यांनी ओळखलं, हा मेला बोललेलं खरं करणार, आणि उद्यापासून पुन्हा तीच गॅलरी!

"अहो, बघत काय बसलात? उघडा ती पेटी. मी टॉर्च धरते."

त्यानं बाहेरचा प्लग काढला. गाडी बॅटरीवर गेली, भुंगा गप. प्लग लावला, भुंगा हजर. "घावला चोर. लाइनकडचा कॉन्टॅक्टर." मग त्यानं प्लग काढला, गाडीची बॅटरीही तोडली आणि कॉन्टॅक्टर खोलला. त्यात लोखंडाचे दोन जबडे असतात. करंट आला की ते घट्ट मिटायला हवेत. मध्ये काही अडकलं, की थंडीत दात वाजावेत तसे थडथडत राहतात.

दुर्गाबाईंनी उजेड पाडला. खालच्या जबड्यावर, चेपून पार पापड झालेला, कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा चिकटला होता.

नवराबायको एकमेकांकडे बघत राहिले.

"काय घावलं का?" बाहेरून आबा ओरडले.

ज्योतीरामनं नखानं दाणा खरवडला आणि पटकन तोंडात टाकला. "काय नाही, आबा! धूळ!"

दुर्गाबाईंनी तोंडात पदर कोंबला. ज्योतीरामनं कोरड्या फडक्यानं जबडे पुसले, सगळं होतं तसं बसवलं आणि लाइन जोडली. चिडीचूप! सुमनताई पुन्हा आडव्या झाल्या आणि घटकाभरात घोरायलाही लागल्या. त्यांचं घोरणं भुंग्याच्या वरताण होतं, पण त्याची दुरुस्ती आमच्या मिस्त्रीकडे नाही.

"मिस्त्री," गेनूआबा जवळ येऊन बारकाईनं बघायला लागले. "व्हटाला काय लागलंय?"

"धूळ."

"आमच्या गावची धूळ कवापासनं लाल झाली?"

झालं! दुर्गाबाईंचा पदर सुटला आणि हसता हसता सगळं बाहेर पडलं. आबा तर मांडी बडवून हसले. हसला नाही तो एकटा ज्योतीराम. खाली मान घालून तो सरळ विहिरीकडे चालायला लागला, हातात पकड.

दुर्गाबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. धावत जाऊन त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"सोड. शब्द म्हंजे शब्द."

"अहो, पकडीनं काय घोडं मारलंय? जोडलेली एक वायर तरी सुटली का? अक्षता उधळल्या त्या तुमच्यातल्या भटजीनं. बुडवायचा तर तो भटजी बुडवा. मिस्त्री मला पाहिजे."

ज्योतीराम थांबला. "तुला पाहिजे? घरात तर ऊठसूट हाकलायलीस मला."

"घरात नको! इथं पाहिजे," त्या म्हणाल्या. "त्या गॅलरीत परत उभं राहिलेलं मला बघवायचं नाही."

त्यानं एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग पकड खिशात गेली.

पुढच्या गाडीला पेटीची झाकणं आधी लावली. दुर्गाबाईंनी वरून कुंकवाचं बोट टेकवलं, नारळ आबांनी बाहेर फोडला. ज्योतीराम भटजी हात जोडून कोपऱ्यात उभा होता. नमस्कार झाला आणि त्याला काही राहवेना. छाती काढून त्यानं सुरुवात केली, "माझं पॅनल ज्या दिवशी..."

दुर्गाबाईंनी खोबऱ्याचा भला मोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला.