मन्मथअप्पांचा डावा हात

मन्मथअप्पा गेल्याचं मला कोणी कळवायची गरज नव्हती. घाट उतरताना त्यांच्या मागे एक सायकल सोडून माझीच सायकल होती. तरी दुपारपर्यंत ती बातमी माझ्या मोबाईलवर येतच राहिली… नातेवाईकांकडून, कॉलेजच्या ग्रुपवरून, सायकल क्लबच्या ग्रुपवरून, आणि सगळीकडे शब्द तेच. ‘एक हात सोडून सायकल चालवताना तोल गेल्याने ज्येष्ठ सायकलपटूचा दुर्दैवी मृत्यू.’ खाली जोडलेले हात आणि रडके चेहरे. मी ते वाचलं तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते आणि अप्पांना अजून बाहेर आणलंही नव्हतं. म्हणजे माणूस घरी पोचायच्या आत त्याच्या मरणाचं कारण ठरवून, टाईप करून, वाटूनही झालं होतं. एवढी तत्परता या मंडळींनी दुसऱ्या कुठल्या कामात दाखवल्याचं मला आठवत नाही.

अप्पांचं बीडच्या बाजारात भांड्यांचं दुकान. ते आणि माझे बाबा एका बाकावर शिकलेले. पुढे अप्पा गल्ल्यावर बसले आणि बाबा चळवळीत गेले. आमच्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. मी अक्षरं शिकले ती पुस्तकातून कमी आणि निषेधाच्या पत्रकांतून जास्त. बाजारातले बाकीचे दुकानदार बाबांना पाहून शटर ओढल्यासारखं तोंड करायचे. अप्पा मात्र पत्रक हातात घ्यायचे, उभ्याउभ्या पूर्ण वाचायचे आणि म्हणायचे, “लई लांब लिवतो बे तू. लोकं पयली ओळ वाचतेत अन् त्यात शेंगदाणे बांधतेत.” मग स्वतःच खळ लावून ते शटरच्या बाजूला चिकटवायचे. मी लिहायला लागल्यावर माझं नावच त्यांनी ‘पत्रकवाली’ पाडलं. “काय पत्रकवाली, आज कोणाचा निषेध?” हे विचारल्याशिवाय त्यांनी मला कधी दुकानाची पायरी चढू दिली नाही.

सायकल त्यांना पन्नाशीच्या जवळ भेटली. साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालणं त्यांना कंटाळवाणं वाटलं. पुण्याच्या भाच्याने त्याची जुनी, वाकड्या हँडलची सायकल दिली. तिचे टायर इतके बारीक होते की पहिल्यांदा पाहून अप्पांच्या बायको, शकुंतलाकाकू, म्हणाल्या होत्या, “ह्याच्यावर माणूस बसतो का वाळवण घालतेत?” दोन-तीन वर्षांत तोच माणूस पालीच्या पुढचा घाट चढून मांजरसुंब्याला आणि तिथून लिंबागणेशला जाऊन, चहा पिऊन, दुकान उघडायच्या वेळेला परत यायला लागला. मला त्यांनीच ओढलं. सायकल हा रिकाम्या श्रीमंतांचा खेळ आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. “मंग तू ये की. एक गरीब तर वाढंल,” ते म्हणाले.

घाट चढताना ते बोलत राहायचे. त्यांचा तो नियमच होता. बोलता येत नसेल तर गियर हलका करायचा, मान खाली घालायची नाही, वरचं वळण बघायचं नाही. “घाटाशी भांडायचं न्हाई. त्याला घाई न्हाई, तुला कावून हाय?” माझा श्वास फाटलेला असताना ते मला पितळेला कल्हई कशी करायचे ते सांगत असायचे. कपिलधारच्या फाट्यापाशी झाडी लागते, तिथे वारा अंगावर आला की ते गप्प व्हायचे… तेवढाच घाट शांततेत जायचा.

उताराला मात्र हा गप्पिष्ट माणूस वेगळाच होई. उतारावर पुढचा माणूस मागच्यांचे डोळे असतो, हे त्यांचं म्हणणं. पुढच्याने खड्डा, तेल, जनावर, काहीही दिसलं की ओरडायचं आणि ज्या बाजूला धोका आहे त्या बाजूचा हात खाली करून दाखवायचा. पण हात फक्त सरळ रस्त्यावर. वळणावर दोन्ही हात ब्रेकवर हवेत, तिथे नुसतं ओरडायचं. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी वैतागायचे.

आता क्लबबद्दल. शहरातल्या प्रतिष्ठितांना सायकलचं वेड लागलं तेव्हा त्यांनी आधी जर्सी शिवून घेतली आणि मग सायकली घेतल्या. गेवराईपर्यंतच्या सपाट हायवेवर जाऊन यायचं, वाटेत तीनदा फोटो काढायचे, आणि ‘जिद्द’ हा शब्द घालून ते टाकायचे. जर्सीच्या पाठीवर आश्रयदात्याचं नाव. हे आश्रयदाते खडी क्रशरचे मालक. त्यांचे टिप्पर ताडपत्रीशिवाय, काठोकाठ भरून घाट चढतात आणि प्रत्येक वळणावर थोडी खडी सांडून जातात. म्हणजे हे गृहस्थ सायकलवाल्यांच्या पाठीवर आपलं नाव छापत होते आणि चाकांखाली आपला माल पसरत होते. कोणालाही यात काही विचित्र वाटलं नाही. जर्सी फुकट होती ना!

घाट चढायचा म्हणून क्लबने अप्पांना पुढे घातलं. अध्यक्षांचा प्लॉटिंगचा धंदा. त्यांची सायकल अप्पांच्या दुकानातल्या पूर्ण एका भिंतीच्या मालाएवढ्या किमतीची असेल. आणि कानात कायम गाणी. अप्पा त्यांना दर रविवारी सांगायचे, “भाऊ, उताराला ते कानातलं काढा. म्या वरडलेलं ऐकू आलं पायजे.” अध्यक्ष हसायचे. “अप्पा, गाण्याशिवाय मजा नाही हो.”

त्या रविवारी आम्ही उतरत होतो. अप्पा पुढे, मागे अध्यक्ष, मग मी, बाकीचे मागे. डावीकडच्या आडव्या वळणावर पूर्ण आतली बाजू खडीने भरलेली होती, ताजी, पांढरी. अप्पा ओरडले, “खडी!” मी ते ऐकलं, ब्रेक दाबले आणि मागच्यांसाठी ओरडले. अध्यक्षांची सायकल मात्र तशीच चालली होती. अप्पांनी मागे मान वळवून पाहिलं. ते पुन्हा ओरडले. मग त्यांनी ते केलं, जे वळणावर करायचं नाही म्हणून ते मला दटावायचे. त्यांनी डावा हात ब्रेकवरून काढला आणि खाली करून हलवला. अध्यक्षांनी करकचून ब्रेक लावला आणि ते थांबले. अप्पांचं पुढचं चाक खडीवरून सरकलं… कठडा दगडी होता. हेल्मेटचे दोन तुकडे झाले. अध्यक्षांनी सायकल स्टँडवर लावावी तशी नीट कठड्याला टेकवली, कानातली यंत्रं काढून खिशात ठेवली, आणि मग ते धावले. हा क्रम मी विसरणार नाही.

श्रद्धांजली सभा मंगल कार्यालयात झाली. फ्लेक्सवर अप्पांपेक्षा आश्रयदात्यांचा फोटो मोठा. एकामागून एक वक्ते उठले आणि वेगाबद्दल बोलले, वयाबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. एकाने तर तरुणांना हात सोडून सायकल न चालवण्याची शपथ दिली. सगळं कार्यालय उभं राहिलं आणि मेलेल्या माणसाच्या चुकीविरुद्ध शपथ घेऊन बसलं. खडी हा शब्द एकाच्याही तोंडातून निघाला नाही. मी बोलायला उठले तेव्हा सूत्रसंचालक गोड आवाजात म्हणाले, “ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, पण वेळेअभावी…” मी जागेवरूनच खडीचं ओरडून सांगितलं. लोकांनी माना वळवून पाहिलं, आणि राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीत! माझं तोंड बंद करायला त्यांना दुसरं काही सापडलं नाही.

या सगळ्यांचं मी काय ते पाहून घेतलं असतं. पण शकुंतलाकाकूंनीही तेच खरं मानलं होतं. दवाखान्यातच अध्यक्षांनी त्यांना हात जोडून सांगितलं होतं की अप्पांनी जरा गंमत म्हणून हात सोडला. काकू रडल्याच नाहीत. त्यांना राग आला होता, आणि तो उतरत नव्हता. दुकानात त्यांनी अप्पांचा फोटो लावू दिला नाही. सायकल पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. गिऱ्हाईक हळहळलं की म्हणायच्या, “पोरखेळ करून गेलं. माझा इचार न्हाई केला.” मी सांगायला गेले तेव्हा ‘अप्पा खडी बघून ओरडले’ एवढ्यावरच त्यांनी मला अडवलं. “तू पत्रकवाली. तुला पाऊस पडला तरी कुणाचा तरी गुन्हा दिसतो. त्यांच्यासाठी गोष्ट रचू नको.” बत्तीस वर्षांचा संसार, आणि त्या बाईकडे नवऱ्यावरचा हा राग तेवढा उरला होता. तो त्यांना या लोकांनी दिला होता, आपली कातडी वाचवायला.

मग एके दिवशी अध्यक्ष दुकानात आले. मी तिथेच होते, कळशीला पोचा पडला होता तो दाखवायला आलेले. त्यांना त्या वळणावर ‘मन्मथअप्पा पॉइंट’ करायचा होता. पाटी, बाक, फोटोसाठी चौकट. खर्च अर्थातच आश्रयदात्यांचा.

“वहिनी, फीत तुमच्याच हाताने कापायची.”

“ज्या जागी यानी शान दावली, तिथंच पाटी?” काकू म्हणाल्या. “काय लिवणार तिच्यावर?”

“असं नका बोलू वहिनी. एकेकाला नाद असतो.”

मी विचारलं, “अध्यक्ष, त्या दिवशी कानात कोणतं गाणं होतं?”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता हे काय मध्येच.”

काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. “कानात गाणं हुतं?”

“बारीक आवाजात, वहिनी. जुनं गाणं.”

“मंग हे वरडले ते तुमाला ऐकू आलं का न्हाई?”

“ऐकू नाही आलं,” अध्यक्ष घाईने म्हणाले, “पण हात दिसला ना, म्हणून तर मी थांब…”

पुढचं त्यांनी गिळलं. काकू अगदी हळू, जणू पोराला हिशेब समजावतात तशा म्हणाल्या, “म्हंजी हात तुमच्यासाठी सोडला.” अध्यक्षांनी घाम पुसला, कुणाचा तरी फोन आल्याचं दाखवलं आणि ते निघाले. पायरी उतरताना त्यांचा बूट घसरला. कोणी हात दिला नाही.

त्या रात्रीपासून काकू रडतात, असं त्यांच्या सूनबाई सांगतात. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली नाही. पॉइंट झाला. फीत कोणीतरी कापली. टिप्पर अजून उघडेच चढतात, चौकटीत लोक फोटो काढतात, आणि पाटीवर ‘सुरक्षित सायकल चालवा’ असं लिहिलेलं आहे. ही पाटी वाचून मला अप्पांची आठवण येत नाही. ओकारी येते.

अप्पा आहेत ते दुकानात. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा गल्ल्याच्या मागे काकू बसल्या होत्या आणि समोर खुर्चीवर क्रशरमालकांच्या पत्नी होत्या. लेकीचं लग्न ठरलं होतं, रुखवताची सगळी भांडी एकाच दुकानातून घ्यायची होती. हंडे, परात, समया, पितळेचा बंब. नोकर माल काढत होता आणि समोर पिवळ्याधमक भांड्यांची रांग लागली होती. त्या बाई भल्या वाटल्या. त्यांनी आपणहून विषय काढला.

“काकू, लई वाईट झालं हो. आमचे हे सांगत होते, अप्पांनी हात सोडला म्हणून.”

काकूंनी नोकराला हाताने थांबवलं. आवाज चढवला नाही.

“सोडला की. खरं हाय ते. तुमच्या घरात सगळ्यांनी सांगितलं आसंल, सोडला म्हणून. कावून सोडला, ते कुणी सांगितलं का?”

बाई गोंधळल्या. त्यांनी भांड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. आणि इतक्या दिवसांत त्या शहरात एकाही शहाण्याने जे विचारलं नव्हतं, ते खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं.

“कावून?”