तक्रार कोणाकडे करावी

आमच्या वसतिगृहाच्या दारात पांढरी पाटी आहे. 'धूम्रपानास सक्त मनाई. उल्लंघन झाल्यास खालील अधिकाऱ्याकडे तक्रार करावी.' खाली अधीक्षक म्हणून माझं नाव. रंगाऱ्यानं ते एवढं ठळक काढलंय की आहुप्याला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतूनही वाचता येतं. पाटी लागली त्या दिवशी तिच्याशेजारी उभं राहून मी फोटो काढून घेतला, वर पाठवायचा होता म्हणून. मग पाण्याच्या टाकीमागं जाऊन बिडी ओढली.

हे इतक्या सरळ मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको समजते, मला लवंगेची आवड आहे.

खिशात काडेपेटी मी ठेवत नसे. अधीक्षकाचा खिसा खुळखुळणं बरं दिसत नाही. म्हणून इस्तू मागायचा तो स्वयंपाकघरात, भाकऱ्या करणाऱ्या मावशींच्या चुलीतला. निखाऱ्याला आमच्याकडं इस्तू म्हणतात, आणि मागणारा वैरी असला तरी इस्तवाला नाही म्हणत नाहीत. मावशी डोंगरातल्या. भाताची चार खाचरं, बाकी सगळं घर आमच्या चुलीवर चालायचं. चिमट्यानं निखारा उंबऱ्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या भाऊ. पाटीची पाठ हाय हिकडं, तिला काय दिसायचं न्हाई."

एकदा तपासणीला मॅडम आल्या. पुण्याहून नव्यानंच बदलून आल्या होत्या. मी टाकीमागून नुकताच पुढं आलो होतो आणि वारा माझ्यापाठोपाठ आत आला.

"तंबाखूच्या धुराचा वास येतोय. कोण ओढतं इथं?"

लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून मी म्हणालो, "ओढत कुणी नाही, मॅडम. आमच्या मावशी मशेरी भाजतात."

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी दातांना लावायची, ती मशेरी. मावशी लावत, हे खरं. कनवटीला डबीही असायची. पण भाजायच्या त्या घरी, बाजाराच्या आदल्या दिवशी. आमच्या तव्यावर भाकरीशिवाय काही पडलेलं नाही. शिवाय मशेरीचा वास कुठला आणि बिडीचा कुठला, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. पुण्यात लागत असावं.

मॅडमनी डबी मागितली. मावशींनी काढून दिली. "उद्यापासून या नकोत," मॅडम मला म्हणाल्या. मी मान हलवली. पीठ मळून झालं होतं, तेवढ्या भाकऱ्या थापून मावशी गेल्या.

पुढच्या बाजाराला त्या आल्या आणि आत न येता पाटीसमोर उभ्या राहिल्या.

"तक्रार करायची व्हती."

"कुणाची, मावशी?"

"बिडी वडनाऱ्याची. हितं लिवलंय, तुमच्याकडं करा."

"जरा समजून घ्या."

"लई समजून घेतलं. उगंच का भाऊ म्हनत व्हते?"

दुसऱ्या दिवशी मी घोडेगावच्या ऑफिसात गेलो. वाटेत एक वाक्य घोकत होतो: मॅडम, वास माझा होता. ऑफिसात पोचल्यावर तोंडातून कायदा निघाला. पाटीवर धूम्रपान लिहिलंय, मशेरी कुणी ओढत नाही, ती लावतात. धूर झाला तो तव्याचा, माणसाचा नव्हे. मी इतका मुद्देसूद कधीच बोललो नव्हतो. मॅडम हसल्या. "बरं, घ्या परत. पण सगळ्यांसमोर समज द्या."

समज मीच द्यायची होती. दिली. जेवणघरात सगळ्यांना उभं करून तंबाखूचे दुष्परिणाम सांगितले, आवाज चढवून. तोंडात दोन लवंगा होत्या. मावशी पदर खोचून ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "व्हय, सायेब."

भाऊचा सायेब झालो तो तेव्हा. मावशींना चूल परत मिळाली, भाकरी तशीच मऊ. इस्तू मात्र मी पुन्हा मागितला नाही. त्यांनी नाही म्हटलं नसतं, तीच तर पंचाईत. घोडेगावातून काडेपेटी आणली. खिसा खुळखुळला, पण कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात मॅडमच्या जागी आलेल्या साहेबांचा फोन आला. "ती मशेरीवाली बाई अजून आहे का तुमच्याकडं? पुन्हा काही आढळलं तर सरळ काढायचं. मॅडम सांगून गेल्यात."

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातच उभा होतो. आत मावशी भाकरी उलटत होत्या. घोडेगावच्या वाटेवर घोकलेलं ते वाक्य तसंच पडून होतं, तेच बाहेर आलं. "साहेब, त्या दिवशी वास बिडीचा होता. माझ्या. मावशींचा काही संबंध नव्हता. त्यांच्या नावापुढचा तो शेरा पुसा."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय का कुणाची?"

"नाही."

"मग सोडा ना राव. बाईचंही सोडलं." फोन ठेवला.

माझ्या मनावरचं ओझं वगैरे उतरलं नाही. आता अर्धवट कशाला, म्हणून दुपारी पंगतीत सगळ्यांसमोर उभा राहिलो. जिथं समज दिली, त्याच जागी. म्हणालो, "तेव्हाचा तो धूर माझा होता. मी मावशींवर ढकलला. खोटं बोललो."

रखवालदारानं ताटातून मान वर न करता वाटी पुढं केली. "आमटी वाढा."

"अहो, मी काय म्हणतोय?"

"आयकलं की. त्यात नवं काय हाय, राव? टाकीमागची थोटकं रोज मीच झाडतो."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी समज देत होतो तेव्हाही. मी मावशींकडं वळलो. "मग तेव्हाच कुणी वर का नाही कळवलं?"

मावशींनी माझ्या ताटात गरम भाकरी टाकली.

"कळवनार कसं? तक्रार तुमच्याकडंच करायची व्हती ना, सायेब."