वीस मिनिटांची विचारपूस

बायको ऑक्टोबरात गेली. जानेवारीत आमचा एक क्लास सुरू होणार होता. आमच्या ईडन प्रेरी गावाच्या कम्युनिटी सेंटरमध्ये, रिटायर्ड लोकांसाठी, दर मंगळवारी सकाळी दहा वाजता. विषय होता ग्रीसचा आरंभीचा काळ, तिथली कला आणि इतिहास लिहिण्याची सुरुवात. तिनेच सप्टेंबरमध्ये दोघांची नावं घातली होती. "मला काय करायचंय ग्रीसशी?" असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, "घरी बसून तरी काय करणार आहेस?"

क्लास कॅन्सल करायचा तर फोन करायला हवा होता, दोन नावं सांगायला हवी होती, कारण सांगायला हवं होतं. त्यापेक्षा गाडी काढून जाणं सोपं वाटलं. म्हणून गेलो.

त्या दिवसांत मला काहीच होत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, पण समोर ठेवलेलं जेवत होतो. मराठी मंडळातल्या बायका आळीपाळीने डबे आणून देत आणि मी प्रत्येकीला दारात हसून थँक यू म्हणत असे. एकदा एक जण जिना उतरताना नवऱ्याला म्हणाली, "किती धीराने घेतलंय ना काकांनी." मी दार लावलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. धीर वगैरे काही नव्हता.

क्लास घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्या मंगळवारी त्यांनी एका प्रचंड मातीच्या भांड्याचं चित्र दाखवलं. छातीपर्यंत येईल एवढं भांडं, आणि ते पाण्याचं किंवा धान्याचं नव्हे, थडग्यावर उभं करायचं. अंगभर नक्षी, कुठे बोटभर जागा मोकळी नाही. मध्ये एक पट्टी होती. तीत पलंगावर मेलेला माणूस आडवा आणि दोन्ही बाजूंना रांगेने माणसं उभी. छाती म्हणजे त्रिकोण, डोकं म्हणजे ठिपका. सगळ्यांचे दोन्ही हात डोक्यावर.

"हे केस उपटतायत," बाई म्हणाल्या. "काही शतकं नुसती नक्षी काढल्यावर ग्रीक चित्रकार पुन्हा माणूस काढायला लागला तेव्हा त्याने काढलेल्या पहिल्या माणसांमध्ये ही शोक करणारी माणसं आहेत."

मी बराच वेळ त्या त्रिकोणांकडे बघत राहिलो. लहानपणी विदर्भात आमच्या गल्लीत कुणी गेलं की बायका अशाच ओळीने बसून ऊर बडवायच्या, ते आठवलं. आठवलं एवढंच.

नंतर एका मंगळवारी संगमरवरी पुतळे झाले. ताठ उभे तरुण, हात मांड्यांना चिकटलेले, डावा पाय किंचित पुढे. असे पुतळेही थडग्यांवर उभे करत. आणि चेहऱ्यावर हसू. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मेलेल्या माणसाच्या पुतळ्याला हसायला काय झालं?" बाई म्हणाल्या, "ते आनंदाचं हसू नसावं. दगडात जीव आहे एवढंच दाखवायचं असेल. नक्की कुणालाच माहीत नाही." मला दारात डबे घेतानाचा माझा चेहरा आठवला.

फेब्रुवारीअखेरीस विषय इतिहासाकडे वळला. बाईंनी सांगितलं की 'हिस्टरी' ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ भूतकाळ असा नव्हता. त्याचा अर्थ होता चौकशी. लिहिणारा माणूस गावोगाव जायचा, लोकांना विचारायचा, आणि हे मी पाहिलं, हे मी ऐकलं, हे मला पटत नाही पण तिथले लोक असं सांगतात, असं वेगवेगळं लिहून ठेवायचा. मी वहीत एकच शब्द लिहिला. विचारपूस. शाळेत आम्हाला बखरी होत्या. बखरकाराला धनी सांगायचा, मग तो लिहायचा. हा माणूस आपण होऊन विचारत फिरला, याचं मला नवल वाटलं.

त्या क्लासवरून परत येताना मी गाडी इंडियन ग्रोसरीकडे वळवली. ऑक्टोबरनंतर तिकडे गेलो नव्हतो.

त्या दिवशी झालं होतं ते असं. कोथिंबीर राहिली म्हणून आम्ही थांबलो. ती आत गेली, मी पार्किंगमध्ये गाडीतच बसलो. वीस मिनिटं झाली तरी ती येईना, म्हणून मी चिडलो होतो. मग अ‍ॅम्ब्युलन्स आली. ती आपल्यासाठी आली आहे हे कळायलाही मला वेळ लागला. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. पण ती वीस मिनिटं माझ्याकडे नव्हती, आणि मी कुणाला विचारलीही नव्हती.

दुकानाचे मालक गुजराती. मला पाहून ते काउंटरमागून बाहेर आले. हिंदीत म्हणाले, "भाईसाब, त्या भाजीपाशी पडल्या. पाणी मागितलं. मी स्वतः दिलं."

काउंटरवरची मुलगी तेलुगू, शिकायला आलेली. ती म्हणाली, "नाही अंकल, भाजीपाशी नाही. फ्रीझरपाशी. आधी खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. पाणी नाही मागितलं. तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, मला समजलं नाही."

"काय म्हणाली, आठवतं का?"

तिने आठवून पाहिलं. "शेवटी 'बाहेर' असं काहीतरी होतं."

बाहेर गाडीत बसलाय, असं म्हणाली असेल. किंवा बाहेर न्या. मालक म्हणाले, "नाही नाही, पाणीच मागितलं." मुलगी पुन्हा काउंटरकडे वळली. मी दोघांचे आभार मानले, कोथिंबीर न घेता घरी आलो आणि दुपारीच दोन्ही हकिकती वहीत लिहिल्या. मी चाळीस वर्षं हायवेच्या पुलांची कामं केली. तपासणीचे रिपोर्ट लिहायची सवय होती, तसंच लिहिलं. मालक असं म्हणतात. मुलगी असं म्हणते. मी स्वतः पाहिलेलं नाही. त्या दोन पानांचा फोटो काढून क्युपर्टिनोला राहणाऱ्या माझ्या मुलीला पाठवला.

अर्ध्या तासात तिचा फोन आला. आधी ती रागावली. "बाबा, व्हाय आर यू डुइंग धिस? कशाला त्रास करून घेताय?"

"त्रास काही होत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"मग यातलं खरं काय?"

"माहीत नाही. दोन्ही लिहून ठेवलंय."

मग ती म्हणाली, "फ्रीझरपाशीच होती आई."

"तुला काय माहीत?"

"तिने मला फोन केला होता तिथून. थँक्सगिव्हिंगला आम्ही येणार होतो ना, म्हणून विचारत होती, छोटीला अजून ते फ्रोझन पराठे चालतात का. मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, आई, आत्ता नको, आणि कट केला." मग तिला रडू फुटलं. "पाच महिने मी कुणाला सांगितलं नाही, बाबा. ह्यांनाही नाही."

मी तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. तुझा काय दोष, असं म्हणालोही, पण ते दारातल्या थँक यूसारखंच निघालं. तिलाही ते कळलं असणार. ती रडत होती आणि मी फोन कानाला धरून उभा होतो. ठेवला मात्र नाही.

रडणं थांबल्यावर तिने विचारलं, "वही जवळ आहे का?"

"आहे."

"मग हेही लिहा. मी कट केला, हेसुद्धा लिहा."

मी खुर्ची ओढून बसलो. "तिचा आवाज कसा होता?"

"नेहमीसारखा. थोडी घाईत होती. म्हणाली, बाबा गाडीत चिडून बसले असतील."

मी लिहीत होतो. "म्हणजे माहीत होतं तिला."

"माहीत होतं. हसत होती."

तेही लिहिलं. मग तिने मला लिहिलेलं सगळं सावकाश वाचून दाखवायला सांगितलं आणि मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.