माफकरा बॉयलरवाला

इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘माफकरा’ म्हणत. खुर्चीला धक्का लागला, तर हा खुर्चीची माफी मागायचा. चहा दुसऱ्याच्या हातून सांडला, तरी ‘माफ करा’ याचंच. घड्या घालणाऱ्या पोरी मुद्दाम ओरडायच्या, “काका, लाइट गेली, मागा माफी!” आणि हा बाबा खरंच मागायचा.

मला या माणसाचा राग येतो आणि कीवही येते. जिथे तोंड उघडायला हवं होतं, नेमकं तिथेच त्याने तोंडाला कुलूप लावलं.

झालं असं, की एका संध्याकाळी बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडत होता. वाफ वाया जात होती, चादरी ओल्याच राहत होत्या. वैतागून त्याने व्हॉल्व्हचा दांडा तारेने आवळून बांधला. जाताना सोडू म्हणाला आणि घरी जायच्या घाईत विसरला. सकाळच्या पाळीला त्याचा जोडीदार आला, त्याने नेहमीसारखी आग वाढवली. बॉयलर फुटला आणि तो जागीच गेला. ढिगाऱ्यात तार सापडली.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, “तुझ्या पाळीत सगळं ठीक होतं ना?”

“होतं, साहेब.”

संपलं. तार मेलेल्यानेच बांधली, असं ठरलं. तो थोडाच सांगायला येणार होता!

मेलेल्या जोडीदाराच्या बायकोला धुलाईघरातच घड्या घालायचं काम मिळालं, आणि याचं ‘माफ करा’ तेव्हापासून सुरू झालं. वहिनीचा गळका नळ हाच दुरुस्त करायचा, तिच्या मुलीला शाळेत हाच सोडायचा. “सख्खा भाऊ करणार नाही एवढं करता, भाऊजी,” ती म्हणायची. मग त्या दिवशी तो डबा न उघडताच परत न्यायचा.

मुलगी मोठी झाली, आईशेजारी कामाला लागली. परवा तिच्या हातून घड्यांचा गठ्ठा ओल्या फरशीवर पडला.

“बापावर गेलीयस अगदी!” वहिनी कडाडली. “तो निष्काळजीपणानेच मेला, आता तू!”

“बाबा तसे नव्हते,” मुलगी चादरी उचलत पुटपुटली. असं म्हणणारी जगात ती एकटीच होती.

माफकरा उठला. “वहिनी, बरोबर बोलतेय ती. तार मी बांधली होती. साहेबांशी खोटं बोललो मी. माफ करा.”

कोणीतरी खुदकन हसलं. वहिनीचे डोळे मात्र भरून आले. “कळतं हो मला. पोरीला बोलणी बसू नयेत म्हणून मेलेल्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेताय.”

“नाही वहिनी, खरंच मीच...”

“पुरे, भाऊजी. लाइट गेली तरी माफी मागणारे तुम्ही!” ती मुलीकडे वळली. “बघ, परका माणूस, पण केवढं मन! नाहीतर तुझा बाप.”

मुलीने त्याच्याकडे बघितलं. मग हातातली चादर झटकत हळूच म्हणाली, “खरंय, आई. बाबा तू म्हणतेस तसेच होते.”