अक्काच्या लेकीचं वय

कुंभारीच्या आमच्या वसाहतीत बहुतेक बायका विड्या वळतात. मीही वळते. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मांडीवर सूप आहे. चेहऱ्यांची चित्रं काढायला लागले ते चाळिशीत. मुलाने त्याचा जुना मोबाइल दिला, त्यावर बघून बघून शिकले. लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघायची मला लाज वाटते. फोटोतल्या माणसाकडे मात्र हवं तितका वेळ बघता येतं.

पहिलं वर्ष वाया गेलं. मोबाइल चेहरे आपोआप गोरे आणि गुळगुळीत करत होता आणि मी तसेच रंगवत होते. सगळ्या बायका एकाच आईच्या लेकी दिसायच्या. मग मुलाने ती सोय बंद करून दिली. हळूहळू कळलं, की फोटो दारातल्या उजेडात काढावा, उजेड एकाच बाजूने यावा, आणि फार जवळ गेलं की नाक फुगतं. मापाला मी विडीचं पान कापायचा पत्रा वापरते. हात लांब करून तो डोळ्यासमोर धरला की कपाळ किती, हनुवटी किती, ते समजतं.

शेजारची अक्का तेलुगू. तिची एकुलती एक लेक बाविसाव्या वर्षी काविळीने गेली, मागे चार महिन्यांची पोर ठेवून. पोर अक्कानेच वाढवली. लेकीचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात तिचा चेहरा नखाएवढा, अर्धा दुसरीच्या खांद्यामागे. अक्काला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही.

एका दुपारी ती येऊन बसली. "तुला जमतंय की. माझी लेक काढ. दिसतंय तोवर बघून घेते."

"त्या फोटोत काहीच दिसत नाही, अक्का."

"नात हाय की घरात. तेच तोंड हाय."

नातही आता बाविशीची झाली होती. मीच म्हटलं, आईची एखादी साडी असली तर नेसून बस, मानेवर सावली नीट पडेल. ट्रंकेतून मोरपंखी साडी निघाली, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली. सोबत ब्लाउजही होतं. एक टाकासुद्धा उसवावा लागला नाही.

पोर बोलकी. दारात बसता बसता म्हणाली, "मावशी, नाक जरा बारीक करा. आईचं म्हणून खपून जाईल."

मी हसले आणि पत्रा डोळ्यासमोर धरला. तेवढ्यात आतून अक्का म्हणाली, "इटु चूडु, बिड्डा." इकडे बघ, बाळा. पोरीने मान वळवली, डावीकडे किंचित कलती ठेवून. अक्का उठून माझ्याजवळ आली. मला हळूच म्हणाली, "ही अशी मान कधी धरत न्हाई. हिची आई धरायची."

त्या दिवशी चाळीसेक फोटो काढले. लग्नातल्या फोटोचाही फोटो घेऊन ठेवला. दोन दिवसांनी उघडून बघते तर मोबाइलने तो नखाएवढा चेहरा आणि पोरीचा चेहरा शेजारी शेजारी ठेवून विचारलं होतं, ही एकच व्यक्ती आहे का? खाली होय आणि नाही. मी कशालाच बोट लावलं नाही. मोबाइल पालथा ठेवला आणि विड्या वळत बसले.

चित्र महिनाभरात झालं. डोळे शेवटी केले. ते झाल्यावर चित्राकडे पाठ करून बसवेना, म्हणून मी कामाची जागा बदलली.

चित्र घेऊन गेले तेव्हा अक्काने शेवंतीचा हार आणून ठेवला होता. पोर तीच मोरपंखी साडी नेसली होती. अलीकडे ती सारखी नेसत होती. मी चित्र खुर्चीवर टेकवलं आणि पोर शेजारी वाकून बघायला लागली. अक्काला नळीतून बघावं तेवढं मधलंच दिसतं. तिने मान हळूहळू फिरवत चेहरा शोधला, दोन्ही हातांनी हार उचलला आणि पोरीच्या गळ्यात घातला.

मेलेल्या माणसाच्या फोटोचा हार. पोर जागची हलली नाही. मी तो ओढून काढला तेव्हा फुलं तुटून खाली पडली.

"अम्मम्मा, मी हाय," पोर आजीला म्हणाली.

अक्का तिथंच खाली बसली. चूक माझी होती. जिवंत पोरीचे फोटो घेतले, तर चित्रही जिवंत पोरीचंच झालं होतं. मी म्हटलं, घेऊन जाते, पुसून टाकते.

"पुसू नको. हिच्याच वयाची ठेवलीस म्हणून घोटाळा झाला. ती आज चव्वेचाळीसची असती. तेवढी कर."

मग मी अक्काचे फोटो काढले. डोळ्यांखालची कातडी कशी उतरते, ओठाच्या कडेची रेघ कुठून निघते, केस आधी कुठं पांढरे होतात. त्यातलं निम्मं निम्मं घेत गेले. एक दिवस बाई फार म्हातारी झाली, तर दुसऱ्या दिवशी पाच वर्षं कमी केली. बावीस वर्षांत जे व्हायचं राहिलं होतं ते माझ्या घरात पंधरा दिवसांत होत होतं.

अक्का रोज भिंतीपलीकडून विचारायची, "कितीची झाली?"

"पस्तिशीची."

"लवकर कर गं. अंधारून आलंय."

सकाळचे अकरा वाजलेले असायचे.

चित्र दुसऱ्यांदा नेलं तेव्हा पोरीने दार सताड उघडलं. हार कुणी आणला नव्हता. अक्काने नाक टेकेल इतक्या जवळून वरपासून खाली बघितलं. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. तिथं बराच वेळ थांबली.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. मग तेलुगूत काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. मधेच थांबली, ऐकल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा बोलली.

"चहा ठेव," तिने नातीला सांगितलं.

आम्ही तिघी होतो. पोर आतून चार कप घेऊन आली. एक तिने चित्रापुढे ठेवला, कपाचा कान उजव्या हाताला येईल असा वळवून, आणि आम्ही चहा प्यायला लागलो.