राहुरीचा आवाज

ऑफिसातले किस्से कुणी जमवत नाही. ते ड्रॉवरमधल्या पेनांसारखे साचत जातात. कुणी आणले, कधी आणले, काही कळत नाही, आणि एक दिवस ड्रॉवर बंदच होत नाही. माझा ड्रॉवर सध्या त्या अवस्थेला आला आहे. तेव्हा बसा, सांगते.

आमचं ऑफिस राहुरीत, एका खताच्या दुकानाच्या वर. रोज सकाळी आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर आमचा रेकॉर्ड केलेला फोन जातो. आज हवा कशी राहील, फवारणी करायची की थांबायचं, पाणी कधी सोडायचं. मी परदेशात उपग्रहाच्या फोटोंवरून पिकांची तब्येत ओळखायला शिकले आणि शिक्षण संपताच देवळाली प्रवराला घरी परत आले. लोक विचारतात, कशाला आलीस? मी म्हणते, जगातलं सगळ्यात भारी विज्ञान आमच्या उसापर्यंत पोचायला नको का!

यावर आमचे फील्ड ऑफिसर बाळासाहेब शांतपणे म्हणतात, "ऊस कवाचा तयार हाय, सायंटिस्ट. तुमचीच वाट बघत हुता."

ऑफिसात माणसं चारच. सलीम सर प्रमुख. बाळासाहेब गावोगाव फिरणारे. मी. आणि मंगलताई, म्हणजे फोनमधला तो आवाज.

*

मंगलताईंना नोकरी लागली, तोच एक किस्सा आहे. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एकाची म्हैस सुटली. लाऊडस्पीकरवाल्याचा घसा नेमका बसलेला. नवऱ्याबरोबर गाय बघायला आलेल्या मंगलताईंनी त्याच्या हातातला माईक घेतला.

"काळी म्हैस, एक शिंग मोडकं, तोंडात दुसऱ्याच्या गाडीतला कडबा. ज्याचा कडबा आसंल त्यानं आधी म्हैस धरावी, भांडान मागून करावं."

त्या माईक खाली ठेवायच्या आत म्हैस सापडली होती. सलीम सर तिथं आमची पत्रकं वाटत होते. उरलेली पत्रकं त्यांनी पिशवीत कोंबली आणि सरळ लाऊडस्पीकरकडं गेले.

ताई अजून सांगतात, "तवर मी कुनाची तरी सून, कुनाची तरी आई. सरांनी पहिल्यांदा इचारलं, तुमचं नाव काय."

*

मी रुजू झाले त्या आठवड्यात सलीम सरांनी मला एका गावात भाषण करायला नेलं. मी पोटतिडकीने बोलले. उपग्रह वरून कसा फिरतो, पिकाला पाणी कमी पडलं की पानांचा रंग आपल्या डोळ्यांच्या आधी त्याला कसा कळतो, सगळं सांगितलं. मंडपात चिडीचूप. मला वाटलं, जिंकलं!

शेवटी मागून एकजण उठला. "मॅडम, त्यातून सगळं शेत दिसतं?"

"अगदी सगळं."

"मंग बांध कोन कोरतंय, ते बी दिसत आसंल?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात ही गर्दी. अर्ध्या लोकांना शेजाऱ्याच्या बांधाचा फोटो हवा होता. उरलेले अर्धे त्यांचे शेजारी होते आणि फोटो देऊ नका म्हणून सांगायला आले होते.

*

भारताचं यान चंद्रावर उतरलं, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. ऑफिसातल्या टेबलावर लॅपटॉप, भोवती आम्ही चौघं, खालचा दुकानदार आणि त्याची गिऱ्हाइकं. यान टेकलं तेव्हा सलीम सरांनी मिठाई मागवली आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. मी उभी राहून सांगत सुटले, आता तिथल्या मातीत काय काय आहे तेसुद्धा कळणार, इथं बसून!

बाळासाहेब पेढा खात ऐकत होते. म्हणाले, "चांगलं झालं. चंद्राच्या मातीचं लागलं मार्गी. माझ्या शेतातली माती पेरनीच्या आधीपासून तुमच्या टेबलाखाली पिशवीत हाय, तिचं बी बघा जमलं तर."

मी खाली वाकून पाहिलं. होती.

*

एकदा मंगलताईंना सर्दी झाली आणि त्यांनी तशाच आवाजात रेकॉर्डिंग केलं. दुपारपर्यंत ऑफिसात गवती चहाच्या जुड्या, घरचा मध आणि निलगिरीचं तेल येऊन पडलं. मी आनंदाने वेडी झाले. म्हटलं, बघा, लोक शेवटपर्यंत मन लावून ऐकतात!

तेवढ्यात एका आजोबांचा फोन आला. मी विचारलं, "आज फवारणी केली का आजोबा?"

"न्हाई केली. ताईलाच बरं न्हाई, आन मी कुटं फवारत बसू?"

*

मग पुण्याहून, म्हणजे आमच्या मुख्य ऑफिसातून, बातमी आली. संदेश आता संगणक बोलणार. लिहिलेला मजकूर द्यायचा, दुसऱ्या क्षणाला तयार आवाज. माणसाची गरज नाही.

पुण्याच्या साहेबांनी व्हिडिओ मीटिंगमध्ये नमुना ऐकवला. खोटं कशाला बोलू, तंत्रज्ञान म्हणून मी थक्क झाले. स्वच्छ, गोड, न अडखळणारा आवाज.

बाळासाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "ही बाई इमानतळावरची हाय, साहेब. आपल्याकडं एष्टी येती."

मंगलताईंना विचारलं तर त्या हसल्या. "तिला सर्दी व्हत न्हाई, सुट्टी लागत न्हाई. तुमच्या जागी मी बी तिलाच ठिवली आसती." पण नंतर किती तरी वेळ त्या तेच एक टेबल पुसत राहिल्या. या नोकरीवर त्यांचा किती जीव होता, ते आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

सलीम सर साहेबांशी भांडले. शेवटी ठरलं, प्रयोग करू. निम्म्या गावांत ताईंचा आवाज, निम्म्या गावांत संगणकाचा. लोक कुणाचा फोन शेवटपर्यंत ऐकतात, त्यावर निर्णय. ताई हरल्या तर त्यांचं काम बंद.

प्रयोग मीच आखला. आणि तो चोख होता!

*

चोख होता, पण तो बाळासाहेबांना माहीत होता.

ते घोडेगावच्या बाजारात गेले आणि चहाच्या टपरीवर प्रयोगाचं बोलले. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा सगळ्या गावांत बघितल्या जातात. लोकांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. आमच्याकडं फोन सुरू झाले, "मंगलताईला व्होट द्यायला कंचा नंबर दाबायचा?"

बाळासाहेबांनी परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं: नंबर नाही, फोन शेवटपर्यंत ऐकायचा.

मी डोकं धरून बसले. "बाळासाहेब, तुम्ही प्रयोग बिघडवला."

"बिघडवला कुटं? प्रचार केला."

महिन्याने निकाल आला. ज्या गावांत ताईंचा आवाज होता तिथले लोक निवांत होते. ताई तर आपल्याकडंच आहेत, मग व्होट कशाला? नेहमीसारखं कामापुरतं ऐकून त्यांनी फोन ठेवून दिले. आणि संगणकाच्या गावांत ताईंना निवडून आणायचं म्हणून घरंच्या घरं कान लावून बसली होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी संगणकाचं शेवटचं "धन्यवाद"सुद्धा सोडलं नाही.

संगणक जिंकला. तोही ताईंच्या प्रचारावर!

मी पुण्याच्या साहेबांना तासभर समजावलं. ते म्हणाले, "मला सगळं पटतं, पण आकडे वेगळं सांगतात. मी स्वतः येऊन ताईंशी बोलतो."

*

साहेब आले तो दिवस कांदा काढणीतला. सगळीकडं काढलेला कांदा शेतात उघडा पडलेला. साहेब खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मंगलताई, पुढच्या महिन्यापासून..."

त्याच वेळी माझ्या स्क्रीनवर ढग दिसले. साधे नव्हेत, गारांचे. आमच्या गावांवर संध्याकाळच्या आत.

साहेबांचं वाक्य तिथंच राहिलं. मी मजकूर लिहिला, संगणकाने तो क्षणात बोलून दाखवला आणि त्याच्या गावांना फोन गेले. मी मनात म्हटलं, काय वेग आहे!

मग ऑफिसचे फोन वाजायला लागले. पहिला साहेबांनीच उचलला.

"कांदा झाकायचा का?"

"आताच सांगितलं ना फोनवर?"

"सांगितलं व्हय. पन कुनी सांगितलं?"

दुसरा फोन तोच. तिसराही तोच. साहेबांनी माईककडं बोट दाखवलं. "ताई, तुम्ही बोला. सगळ्या गावांना."

ताई माईकसमोर बसल्या. सलीम सरांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, आणि ताईंचा मोबाईल वाजला. घरून नवऱ्याचा. ताईंना वाटलं, रेकॉर्डिंग अजून सुरू व्हायचंय.

"आवो, चहाचं काय इचारता? वर बघा जरा! गारा येनार हायेत. कांदा उघडा पडलाय आन तुमी साखर हुडकताय? उठा. ताडपत्री काढा, पोरांना हाका मारा. आधी कांदा झाका, मंग चहा. चहा कुटं पळून जात न्हाई." त्यांनी फोन ठेवला आणि घसा साफ केला. "हां, सर. करायचं का सुरू?"

सलीम सरांचं बोट बटणावरच होतं. घाईत त्यांनी ते दुसऱ्यांदा दाबलं होतं, आणि दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग थेट सगळ्या गावांना जातं. "झालं की, ताई. गेलं."

"काय गेलं?"

"सगळंच."

दहाच मिनिटांत खालून गलका ऐकू आला. मी गॅलरीत धावले. समोरच्या रस्त्यावरून दोघंजण मोटारसायकलवर ताडपत्री घेऊन सुसाट चालले होते. त्यांच्यामागं एक टेम्पो, तोही ताडपत्र्यांनी भरलेला. खालच्या दुकानदाराने शटर ओढलं आणि तो शेताकडं पळाला.

मी आत आले तेव्हा पुण्याचे साहेब त्यांच्या ऑफिसशी बोलत होते. "मंगलताईंचं काम चालू राहील. होय, सगळ्या गावांत. कारण नंतर सांगतो." एवढं बोलून त्यांनी मोबाईल खिशात टाकला. अर्ध्या तासाने टेबलावरचा फोन वाजला आणि त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"ताईंना सांगा," पलीकडचा माणूस धापा टाकत होता, "आमचा झाकून झाला. आता चहा घेतला तर चालंल का?"

साहेबांनी मंगलताईंकडं पाहिलं. मंगलताईंनी खिडकीतून आभाळाकडं पाहिलं.

"इतक्यात न्हाई. ताडपत्रीच्या कडंनं दगडं ठिवली का, इचारा."

साहेब फोनवर वाकले आणि जरा दरडावूनच म्हणाले, "दगडं ठिवली का?"