मेहरूणमधली गरम भिंत

मी जळगावात घर तापवायची सोय करून घेतली आहे.

हसून झालं? ऐका. माझे सासरे, नाना, दर डिसेंबरात पाचोऱ्याहून आमच्या मेहरूणच्या घरी आठ दिवस येतात आणि आठही दिवस कुडकुडतात. लग्नाला बावीस वर्षं झाली. या माणसानं एकदाही माझं कौतुक केलेलं नाही. यंदा ते मिळवायचंच!

मोबाईलवर थंड देशातली घरं पाहिली. भिंतीच्या तळाशी, फरशीलगत गरम पाण्याचे पाइप! आमच्या गच्चीवर पाणी तापवायचा सोलर होताच. प्लंबर रफिकभाईंना बोलावलं.

"भाऊ, जळगावात घर तापवायचं? मे महिन्यापर्यंत थांबा, फुकटात तापेल!"

"तुम्ही पाइप टाका हो!"

टाकले. बैठकीच्या खोलीत तीन भिंतींना, पाइपांवर जाळीची पट्टी. "पाणी कडकडीत नसलं तरी चालतं," रफिकभाई म्हणाले. "फक्त पट्टीसमोर काही ठेवू नका. ऊब तिथंच अडकेल."

हे मी बायकोला सांगितलं नाही. (तिला काय कळणार त्यातलं शास्त्र!)

नाना आले. मी गच्चीवर जाऊन पंप सुरू केला, धावत खाली आलो, आणि दारातच थिजलो. सुनंदानं वडलांसाठी तिन्ही भिंतींना गाद्या घालून लोडांची फौज उभी केली होती! खोली गारढोण.

"अगं, लोड काढ ते!"

"का? माझ्या वडलांनी काय भिंतीला टेकायचं?"

तेवढ्यात लोडाला रेललेल्या नानांनी डोळे मिटले. "वा! पाठ काय शेकी ऱ्हायनी!"

बावीस वर्षं! मी छाती पुढे काढली.

"सुनंदा, हाई बठ्ठी मना कापूसनी करामत शे! लगीनमा दिधेल लोड ना ह्या? मना वावरना कापूस!"

"नाना, ते पाइप..."

"जवाईबापू, मधमा बोलू नका!"

मग त्यांनी पाचोऱ्यातल्या यच्चयावत नातेवाइकांना फोन करून आपल्या कापसाचे गुण सांगितले. मी शेजारी बसून हुंकार भरत होतो. स्वेटर घालून!

सकाळपर्यंत लोड शेकता शेकता सोलरचं पाणी पार गार झालं होतं. नानांच्या आंघोळीसाठी सुनंदानं गॅसवर पातेलं चढवलं. माझ्यासाठी कोण चढवणार? पहिला तांब्या अंगावर घेतला आणि मी किंचाळलो.

बाहेरून नानांचा मायेनं भरलेला आवाज आला, "सुनंदा, जवाईले एक लोड दे व माय!"

मी घेतला. खोटं कशाला बोलू? कापूस भारीच आहे.